पाण्याच्या पाठीवर

पावसाळ्यात रस्त्याकडेला साचलेलं एखादं डबकं घ्या. पंधरा दिवसांपूर्वी तिथे नुसता फुफाटा होता. त्या डबक्याला ना ओढा येऊन मिळालेला, ना शेजारी विहीर. तरीही पाऊस जरा उघडला की त्यावर चार-सहा काटकुळे जीव हजर असतात. लांबुळकं काळपट अंग, लांबच लांब पसरलेले बारीक पाय आणि चपळाई अशी की आत्ता इथे होता म्हणेपर्यंत वीतभर पलीकडे. ते पोहत नाहीत, बुडत नाहीत, भिजतसुद्धा नाहीत. पाण्यावर चक्क उभे असतात! गावोगावी त्यांना वेगवेगळी नावं आहेत. आपण पाणनिवळी म्हणू या.

या आल्या कुठून? उडत आल्या. पाणनिवळ्यांच्या एकाच जातीत काहींना पूर्ण पंख असतात, काहींना आखूड, तर काहींना अजिबात नसतात. तळं बारमाही असेल तर पंख वाढवण्यात अन्न कशाला घालवायचं? ते अंड्यांच्या कामी येईल. पाणी आटणारं असेल तर मात्र उडता यायलाच हवं. खरी कमाल तर पुढेच आहे. नव्या पाण्यावर उतरून बस्तान बसलं की काही माद्यांच्या छातीतले उडण्याचे स्नायू विरघळायला लागतात आणि त्यातलं पोषण अंड्यांकडे वळतं. परतीची वाट आपणहून बंद करायची आणि मग संसार थाटायचा!

दिसायला कोळ्यासारख्या असल्या तरी या कोळी नव्हेत. पाय मोजले की सहाच भरतात. यांचं गोत्र ढेकणाचं आणि तुडतुड्यांचं, म्हणजे तोंडाच्या जागी टोचणारी सोंड असलेल्या कीटकांचं. पाण्यावर पडलेल्या माशीत किंवा मुंगीत ती सोंड खुपसायची, पाचक रस आत सोडायचा आणि पातळ झालेलं अन्न ओढून घ्यायचं, असं यांचं जेवण. जगात यांच्या सतराशेहून अधिक जाती आहेत. फ्रान्समध्ये सापडलेल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये यांचा पूर्वज अडकलेला आहे. म्हणजे डायनोसॉर ज्या पाणवठ्यांवर येत होते, त्या पाणवठ्यांवरही हा सरकण्याचा खेळ चालू होता.

आता मूळ प्रश्न. पाण्यावर उभं राहता येतंच कसं?

पाण्याच्या पोटात असलेल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात आणि ते त्याला सगळीकडून सारखंच ओढतात. अगदी वरच्या थरातल्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नसतो. त्याच्यावरची सगळी ओढ आतल्या आणि आजूबाजूच्या रेणूंची. त्यामुळे पाण्याचा वरचा थर कायम ताणलेला राहतो. हाच पृष्ठताण. नवारीच्या खाटेवर मूल बसलं की नवार खाली झोळते आणि ताणाच्या जोरावर मुलाला उचलून धरते. पाणनिवळीच्या पायाखाली पाण्याचं हेच होतं. पाणी फाटत नाही, त्याला खळगा पडतो. तो खळगा पुन्हा सपाट होऊ पाहतो आणि त्या धडपडीवर पाणनिवळी उभी असते.

हा ताण मोठा आहे असं मात्र समजू नका. पाण्याला टेकलेल्या एक मीटर लांबीच्या कडेवर तो जेमतेम ७ ग्रॅम वजन पेलतो. साठ किलोच्या माणसाला एवढ्या भांडवलावर तळ्यावर उभं राहायचं असेल, तर त्याच्या पावलांची कड आठ किलोमीटरांहून लांब हवी! पाणनिवळीचं वजन धरा १० मिलिग्रॅम. तिला किती कड लागेल? दीड मिलिमीटरसुद्धा नाही. तिच्या सहा पायांचा पाण्याला टेकलेला भाग याच्या कितीतरी पट लांब असतो.

या हिशेबाच्या मुळाशी एक साधा नियम आहे. एखादा जीव सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा केला की त्याचं वजन आठपट होतं, पण पायांची कड दुपटीनंच वाढते. मोठं होत जाल तसं वजन पुढे पळतं आणि आधार मागे पडतो. उलट, लहान होत जा आणि एका टप्प्यावर गुरुत्वाकर्षणाची सत्ता संपून पृष्ठताणाची सुरू होते. आपण त्या हद्दीच्या इतके अलीकडे राहतो की पाण्याला असा पापुद्रा असतो याची आपल्याला जाणीवही नसते. पाणनिवळीसाठी तीच जमीन आहे.

पण नुसतं हलकं असून भागत नाही. माशीही हलकीच असते, तरी पाण्यात पडली की तिची सुटका होत नाही, कारण ती भिजते. ज्या ताणानं कोरड्या पायाला पेललं, तोच ताण भिजलेल्या पायाला धरून ठेवतो. तेव्हा सगळी मदार पाय कोरडे राहण्यावर. पाणनिवळीच्या पायांवर मेणासारखा थर असतो आणि बरीच वर्षं श्रेय त्यालाच दिलं जात होतं. २००४ साली बीजिंगमधल्या शुएफेंग गाओ आणि लेई जियांग यांनी तिचा पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि केवळ मेणावर हे जमणार नाही हे दाखवून दिलं. पायावर हजारो सूक्ष्म केस होते, सगळे एकाच दिशेला किंचित कललेले. एकेका केसाची लांबी साधारण आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी! एवढ्याशा त्या केसावर पुन्हा पन्हाळीसारख्या त्याहून बारीक खाचा. केसांमध्ये आणि खाचांमध्ये हवा अडकून राहते. पाय पाण्यावर टेकतो तेव्हा खरं म्हणजे बराचसा हवेच्या अस्तरावर टेकलेला असतो.

मग त्यांनी तो पाय पाण्यात दाबून पाहिला. पाणी फाटण्याआधी चार मिलिमीटरांहून खोल खळगा पडला. एकट्या त्या पायानं पाणनिवळीच्या संपूर्ण वजनाच्या १५ पट भार पेलला. लागणार एकपट आणि पेलणार पंधरापट, तेही दर पायामागे. इतकी शिलकी ताकद कशासाठी? कारण तिला नुसतं उभं राहायचं नसतं. पळायचं असतं, उड्या मारायच्या असतात, भक्ष्य उचलायचं असतं, आणि मादी असेल तर पाठीवर नरालाही वागवायचं असतं.

हे खळगे डोळ्यांनी पाहायचे असतील तर पाणी उथळ आणि नितळ हवं, वर ऊन हवं. पाणनिवळीकडे पाहू नका, तळाकडे पाहा. तिथे तिच्या बारीक पायांच्या बारीक सावल्या नसतात. त्याऐवजी लंबगोल, गडद ठिपके दिसतात, पायांच्या जाडीच्या मानानं अवाढव्य, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लख्ख उजेडाची कड. पायाखाली वाकलेलं पाणी भिंगाचं काम करतं. सरळ खाली जाणारी किरणं ते बाजूला फेकतं, म्हणून मध्ये अंधार आणि काठाला जादा उजेड. पाय जितका जोरात दाबलेला, तितका ठिपका मोठा. शास्त्रज्ञांनी या सावल्या मोजून कुठल्या पायावर किती भार आहे हे काढलं आहे. जो जीव कुठल्याही तराजूवर स्वस्थ उभा राहणार नाही, त्याचं वजन सावलीवरून!

उभं राहण्याचं झालं. पण मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं ते तिचं चालणं.

पाणनिवळीचं आयुष्य बहुधा पाण्याखाली सुरू होतं. मादी बुडालेल्या पाना-काड्यांवर अंडी चिकटवते. जेमतेम मिलिमीटरभराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडून वर येतं आणि पाण्याचा तो पापुद्रा खालून भेदून वर चढतं. जी गोष्ट पुढे जन्मभर त्याची जमीन होणार, ती आधी त्याचं छत असते! वर येताच ते वल्हवायला लागतं. पण कसं?

पुढे जायचं तर काहीतरी मागे ढकलायला हवं, यातून न्यूटननं कुणालाच सूट दिलेली नाही. पाणनिवळी काय ढकलते? पूर्वीचं उत्तर होतं, लाटा. ती मधल्या पायांनी पाण्यावर बारीक लाटा उठवते, लाटा मागे जातात, ती पुढे जाते. उत्तर पटण्यासारखं होतं. मात्र पाण्यावर लाट उठायची तर वस्तू सेकंदाला २३ सेंटिमीटरांहून वेगानं सरकावी लागते. मोठ्या पाणनिवळीचे पाय तेवढे वेगवान असतात, नवजात पिल्लाचे नसतात. म्हणजे पिल्लाला लाटा उठवता येणार नाहीत. म्हणजे त्याला जागचं हलताच येणार नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी हा पेच नेमका मांडला आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. गणित सांगत होतं की पिल्लं हलू शकत नाहीत, आणि जगभरच्या तळ्यांवर पिल्लं मजेत पळत होती.

एमआयटीतल्या डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी पाण्यात रंग मिसळला, अतिवेगवान कॅमेरा लावला आणि वरून पाहिलं. २००३ साली त्यांनी छापलेली ती चित्रं विलक्षण आहेत. पायाच्या प्रत्येक फटक्यासरशी पाण्याच्या वरच्या थराखाली भोवऱ्यांची जोडी तयार होते आणि मागे निघून जाते. ढकललं जातं ते या भोवऱ्यांतलं पाणी. लाटाही उठतात, पण त्यांचा वाटा किरकोळ. मासा शेपटीनं आणि पक्षी पंखांनी मागे भोवरेच सोडतो. पाणनिवळीही त्याच पंक्तीतली निघाली. फरक इतकाच की तिचं वल्हं पाण्यात शिरत नाही. पायाखालचा खळगाच वल्ह्याचं पातं होतो. पाणी न फोडता पाणी ढकलायचं! मोठी पाणनिवळी या जोरावर सेकंदाला दीड मीटरपर्यंत वेग गाठते. याच चमूनं ३५० मिलिग्रॅमचा एक यांत्रिक पाणकीटकही बनवला. अंग ॲल्युमिनियमचं, पाय पोलादी तारेचे, ताकद इलॅस्टिकच्या दोऱ्याची. तोही पाण्यावर चालला.

वल्ह्याचं काम मधल्या पायांकडे असतं. पुढचे आखूड पाय भक्ष्य धरायला, मागचे तोल आणि दिशा सांभाळायला. बहुतेक कीटकांत सर्वांत लांब पाय मागचे असतात, नाकतोडा आठवा. इथे मात्र मधले पाय मागच्यांना मागे टाकतात. हे घडलं कसं? कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं एकच जनुक मधल्या पायाला लांब करतं आणि मागच्या पायाला आखूड. एकच हुकूम, दोन पायांत दोन उलटे अर्थ.

सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यांवर यांचे एक चुलते राहतात, रॅगोवेलिया. आकारानं लहान, पण धारेच्या विरुद्ध दिशेनं झुंडीनं धावणारे. त्यांच्या मधल्या पायाच्या टोकाला पिसांसारख्या केसांचा घडीचा पंखा असतो. पाय पाण्यात गेला की पंखा उघडतो, बाहेर आला की मिटतो. यासाठी स्नायू हलवावा लागत नाही; उघडझाप पाणीच करून देतं. २०१७ साली फ्रान्समध्ये या पंख्यामागचं जनुक सापडलं आणि जपानी नर्तिकांच्या पंख्यावरून त्याला ‘गेशा’ हे नाव मिळालं. ते जनुक दाबलं की पंखा खुरटतो आणि किडा धारेबरोबर वाहू लागतो.

आणखी एक छोटा नातलग आहे, मेसोवेलिया. त्याची अडचण आपल्या ध्यानातही येणार नाही. डबक्याच्या काठाशी, गवताच्या पात्याशी पाणी किंचित वर चढलेलं असतं. आपल्याला तो चढ दिसतही नाही. त्याच्यासाठी तो गुळगुळीत डोंगर. कितीही पाय मारले तरी घसरण ठरलेली. मग हा काय करतो? पाय मारणंच थांबवतो! पुढच्या पायांच्या भिजणाऱ्या नख्या बाहेर काढून पाणी जरासं वर ओढतो आणि स्तब्ध राहतो. पाण्यावरचे दोन उंचवटे एकमेकांकडे खेचले जातात, आणि हा बसल्या जागी उतार चढून काठाला लागतो.

जी जमीन इतकी ताणलेली आहे, ती बोलण्यासाठीही वापरता येईल, नाही का? माशी पाण्यावर पडून फडफडली की तरंग उठतात. पाणनिवळी पायांतल्या संवेदक अवयवांनी ते टिपते आणि नेमक्या दिशेनं धावते. पण ती स्वतःही तरंग सोडते. अमेरिकेतल्या स्टिमसन विलकॉक्स यांना गेरिस रेमिजिस या जातीत एक खूण आढळली. नर दुसऱ्या पाणनिवळीच्या जवळ जाताना सेकंदाला ८० ते ९० कंपनांचे तरंग सोडतो. मादी असे तरंग सोडत नाही. नर नराला यावरूनच ओळखतो की डोळ्यांनी, हे कसं ठरवायचं? विलकॉक्सनी नरांच्या डोळ्यांवर बारीक पट्ट्या बसवल्या. मादीच्या पुढच्या पायाला इवलासा चुंबक चिकटवला, टाकीभोवती तारेचं वेटोळं घातलं आणि त्यातून वीज सोडून मादीच्या पायाकडून नराचे तरंग उठवून घेतले. चुंबक शांत असला की न दिसणारा नर मादीला बिलगू पाहायचा. तरंग सुरू केले की तिला नर समजून सोडून द्यायचा. १९७९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी आहे. एवढ्याशा किड्याला त्याच्याच भाषेत प्रश्न विचारला आणि त्यानं उत्तर दिलं!

या भाषेचा दुरुपयोगही होतो. कोरियातल्या एका जातीत मादीला नकोशा नराला दाद न देण्याची सोय शरीरानंच दिलेली आहे. तेव्हा नर तिच्या पाठीवर बसून पाण्यावर टकटक सुरू करतो. ते तरंग खालून हल्ला करणाऱ्या शिकारी पाणकिड्यांना बोलावतात, आणि त्यांच्या तोंडाशी आधी असते ती खालची मादी. २०१० साली सोलमधल्या संशोधकांनी दाखवलं की असा धोका घोंघावत असला की मादी लवकर तयार होते.

पाऊस कोसळतो तेव्हा काय होत असेल? टपोरा थेंब पाणनिवळीपेक्षा कितीतरी जड. पण आघातानं ती चिरडत नाही, पाण्याबरोबर खाली जाते, आणि अंगावरच्या लवेत अडकलेली हवा तिला बहुधा पुन्हा वर आणते. थेंबापेक्षा घातक आहे ती साबणाची फेसाळ धार. डिटर्जंट मिसळलं की पाण्याचा ताण निम्म्याहून खाली येऊ शकतो आणि साबणाचं पाणी त्या केसांमध्ये शिरून हवा हुसकून लावतं. ज्या ओढ्यात आपण सांडपाणी सोडतो, तिथे तिच्या पायाखालची जमीनच आपण काढून घेतो. ती पाण्यातलं विष शोषून मरत नाही, बुडून मरते. हे मला फार लागतं.

आणि तरी या कुळातल्या काहींनी जगातलं सर्वांत मोठं पाणी जिंकलं. कीटकांच्या लाखो जाती; त्यांतल्या खुल्या महासागरात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, जन्म काढणाऱ्या जाती पाचच. पाचही पाणनिवळ्याच, हॅलोबेटीस वंशातल्या. रुरिक या रशियन जहाजाच्या १८१५ ते १८१८ च्या जगप्रवासात निसर्ग-अभ्यासक एशशोल्ट्झ यांना त्या प्रथम मिळाल्या. यांतल्या दोन जाती हिंदी महासागरात आहेत. अंग अर्ध्या सेंटिमीटरचं, पंख कधीच नाहीत, खाली हजारो मीटर पाणी, वर ऊन, वारा, वादळ. २०२० साली सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातून गौरी महाडिक आणि सहकाऱ्यांनी यांचा बारकाईनं केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या अंगावर दाट लव, त्यावर पाणी झटकणारं मेण, आणि उडी अशी की निघतानाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४० पट.

या समुद्री पाणनिवळ्यांना एकाच गोष्टीची कायम टंचाई राहिली, अंडी घालायला तरंगता आधार. पक्ष्याचं पीस, लाकडाचा तुकडा, शिंपला, जे मिळेल ते. गेल्या काही दशकांत समुद्रावर तरंगतं प्लास्टिक अफाट वाढलं, आणि २०१२ साली उत्तर पॅसिफिकमधल्या अभ्यासात दिसलं की जिथे प्लास्टिकचे कण जास्त, तिथे हॅलोबेटीसची अंडीही जास्त. त्याच्या दहा वर्षं आधी, २००२ साली, आयुष्यभर याच किड्याचा अभ्यास केलेल्या लॅना चेंग यांनी रॉबर्ट पिटमन यांच्यासह एक नोंद प्रसिद्ध केली होती. पूर्व पॅसिफिकमध्ये दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन तरंगताना मिळाला. त्याच्यावर थरावर थर चढलेली हॅलोबेटीसची अंडी होती, सुमारे ७०,०००.